करंगळीचा ठसा

२ सप्टेंबर १९७३
आमच्या सुमो तालमीतल्या कुरोसेयामाच्या पंजाचे ठसे, चाहत्यांना द्यायचे, वरच्या खोलीत वाळत घातले. शंभर पुठ्ठे, प्रत्येकावर लाल पंजा — आणि एकावरही करंगळी धड नाही! शेजारचं बोटही पुसट. आधी वाटलं, शाई पातळ झाली. पण दोनच बोटांपुरती कशी पातळ होईल?

३ सप्टेंबर
स्वयंपाकघरात गाठलं त्याला. "शाई वाचवतोय, आई," म्हणून हसला. चहाचा पेला हातात दिला — निसटला! मग सगळं बाहेर आलं. मानेची नस दबलीये. डॉक्टर म्हणाले, मानेवर आणखी एक दणका बसला तर हातपाय कायमचे लुळे.

पंधरा वर्षांचा होता तालमीत आला तेव्हा; तेव्हापासूनच मला आई म्हणतो. माझ्या हातचं जेवून ओझेकी झाला, वर आता एकच पायरी. "जुलैच्या स्पर्धेत हरलो. या वेळी पंधरापैकी आठ लढती जिंकल्या नाहीत तर ओझेकीपद गेलं. वस्तादांना सांगू नका, आई. आठच लढती!"

वस्तादांना, म्हणजे यांना. माझ्याच नवऱ्याला! आणि मी हो म्हणून बसले. कुठून अवदसा आठवली!

६ सप्टेंबर
जेवताना यांची नेहमीची कसरत. उजवं मधलं बोट कधीकाळी लढतीत मोडलं ते वाकडंच जुळलं. भात अर्ध्या वाटेत सांडतो. "वस्तादांना चमचा द्या रे कुणीतरी!" मी चिडवलं.
"काढ, पोरांसमोर अब्रू काढ माझी!"
सगळे हसले. कुरोसेयामा डाव्या हाताने जेवत होता.

९ सप्टेंबर
पहिली जिंकला.

१२ सप्टेंबर
आज डोक्यावर आपटला. हरला. उठायला किती वेळ लावला!

दिलेला शब्द गेला खड्ड्यात. उद्या यांना सांगणार. हे त्याला तिथल्या तिथे माघार घ्यायला लावतील. बाकी कसेही असोत, पोरांच्या जिवाशी खेळणारे नाहीत, हे मी छातीठोक सांगते.

१३ सप्टेंबर
चाहत्यांसाठी नवे पन्नास ठसे. सकाळी हे स्वतः वर आणून ठेवून गेले. खाली कुरोसेयामाची सही, आणि वर पाचही बोटं ठसठशीत! करंगळीसुद्धा! पुठ्ठा छातीशी धरून रडले मी. बरा झाला पोरगा!

मग नीट पाहिलं. मधलं बोट वाकडं. पन्नासच्या पन्नासांवर.

यांना ठाऊक होतं.

खालून हाक आली, "अगं, वाळले का?"
"वाळले," म्हटलं.