बाळाला पाण्याचा थेंबही नाही

१४ नोव्हेंबर

माझ्या रक्तात एच.आय.व्ही. आहे. यांच्याही. आणि पोटात पाच महिन्यांचे बाळ! समुपदेशक बाई सांगत होत्या, "गोळ्या चुकवल्या नाहीत तर बाळाला वाचवता येतं." मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलावत राहिले. डोक्यात काही शिरले नाही.

१५ नोव्हेंबर

यांनी घरी सांगितले. सासूबाईंनी उठून आधी दार लावून घेतले. मी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली – दोन साड्या, चार पुस्तके! मग त्या यांना म्हणाल्या, "तुझ्याशी मी नंतर बोलते." आणि मला – "पुढच्या वेळी मीही येते त्या बाईंकडे. तुम्हा दोघांच्या लक्षात काही राहायचं नाही."

२ डिसेंबर

सासरे ट्रक चालवतात. घरात पाहुणे असले, की गोळीच्या वेळी बाहेरून हाक येते – "सूनबाई, इंजिनात तेल घातलंत का?" पाहुणे चक्रावतात. मी स्वयंपाकघरात पळते, मागोमाग हेही. हसू दाबताना गोळी घशात अडकते.

२० मार्च

मुलगी झाली!! नर्सने तिला औषध पाजले. समुपदेशक बाईंनी पुन्हा बजावले – सहा महिने फक्त अंगावरचे दूध. सोबत पाणी किंवा वरचे दूध गेले, तर नाजूक आतड्यांना इजा होऊन संसर्गाचा धोका वाढतो. सासूबाईंनी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतले.

९ मे

आज अनर्थ होता होता टळला. असह्य उकाडा. यांची आत्या बाळाला पाहायला आलेली. तिला यातले काही ठाऊक नाही. "घसा सुकलाय लेकराचा! कसली ग आई तू?" बोलता बोलता साखरपाण्याचा चमचा बाळाच्या ओठांशी. आणि मी? उत्तर येत असूनही वर्गात कधी हात वर न करणारी मी – तशीच उभी!

सासूबाईंनी धावत येऊन चमचा हिसकावला.

"वन्सं, पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

"तुझा मुलगा लहानपणी कुणाच्या कडेवर वाढला? माझ्याच ना?"

"वाढवलात. म्हणून तर असा हट्टी निघाला. पण हिला आम्ही वाढवू."

आत्याबाई चहाही न घेता निघून गेल्या. दोघी नणंद-भावजया कमी, मैत्रिणीच जास्त! सासूबाई दाराआड डोळे पुसत होत्या. मी दिसताच खेकसल्या, "बघतेस काय? पाज तिला."

२८ मे

आत्याबाई फोन उचलत नाहीत. सासूबाई रोज लावतात. खरे कारण एका वाक्यात सांगता आले असते त्यांना – पण ते वाक्य माझे आहे, म्हणून सांगत नाहीत. इतके जपणारे माणूस मला मिळावे, असे मी काय केले होते?

२३ सप्टेंबर (पुढचे वर्ष – मुलगी दीड वर्षाची)

शेवटची तपासणी झाली. मुलीला संसर्ग नाही. नाही!

घरी येताच मी आत्याबाईंना फोन लावला. माझ्या नंबरवरून म्हणून असेल, उचलला. "आत्याबाई, त्या दिवशी सासूबाईंनी चमचा हिसकावला तो माझ्यामुळे. मला एच.आय.व्ही. आहे." त्यांनी विचारले,

"आणि बाळ?"

"ठणठणीत."

"बरं." नाक ओढल्याचा आवाज. "वहिनीला दे फोन."