मावशीचे पाय जमिनीवरच होते

साल्वादोर, रविवार दुपार

आदरणीय आदेलाइदताईस,

धाकटा मावसभाऊ जुवेनालचा नमस्कार, आणि लांबूनच तुझा आशीर्वाद मागतो. बोनफिंच्या प्रभूच्या कृपेने इथे सगळे धडधाकट आहेत (माझी पाठ सोडून, ते पुढे येईलच). तिकडे काशोएऱ्यात भावजींचा दमा, तुझा रक्तदाब आणि तुमचा तो चावरा पोपट कसे आहेत? तुझ्या आईची, आमच्या मावशीची, प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य मुद्दाम आधीच लिहून ठेवतोय. पुढचं वाचताना रक्तदाब वर जायला लागला तर परत इथे येऊन हेच वाचावं.

मावशीला बसमध्ये बसवल्यावर तू फोनवर जे बजावलंस ते माझ्या पुरतं लक्षात आहे. गुडघे गेलेत, ज्यात पाय उचलावा लागेल असं काहीही करायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तिला खुर्चीतच बसवायचं, आणि कुठे सांबा वाजायला लागला तर खुर्चीचं तोंड दुसरीकडे फिरवायचं. नाचली तर हा तिचा शेवटचा प्रवास, मग तू तिला घराचा उंबरा ओलांडू देणार नाहीस. मी शपथ घेऊन हो म्हटलं. पण काल आमच्या नाचाच्या मंडळाला एका हॉटेलच्या गच्चीवर लग्नाचं काम होतं, आणि मावशीला घरी एकटी कशी ठेवायची? म्हणून बरोबर नेली, ढोलांच्या मागे खुर्ची मांडली आणि तोंड समुद्राकडे केलं. इथवर माझी काही चूक काढून दाखव.

वऱ्हाड साओ पावलोचं. आमची पोरं कापोएरा खेळायला उतरली, बेरिंबाऊची तार झणझणली, पाय एकमेकांच्या नाकाजवळून सुसाट जायला लागले, आणि वऱ्हाड हातातल्या फोनकडे बघत उभं. मग माकुलेलेचा काठ्यांचा नाच. काठ्यांवर काठ्या अशा आपटल्या की एक काठी मोडून उडाली, तरी एकाची मान वळेना. मंडळाचा मेस्त्रे आणि गुरू मीच, तेव्हा अब्रू राखण्यासाठी मी स्वतः उलटी कोलांटी मारली (माझं वय आणि पोट तुला माहीत आहे). कोलांटी झाली, पण पाठीत चमक भरली आणि पांढरी विजार मागून टर्रकन फाटली. नेमकी त्याच वेळी कोळंबी आली. सगळं वऱ्हाड पाठ फिरवून टेबलांकडे गेलं, ही एक देवाची कृपाच म्हणायची. पुढे सांबा, पण आमच्या इवोनेतेला आठवा महिना लागलाय, आघाडीला नाचणारी कोणी नाही. नवरीची आई येऊन हळूच म्हणाली, “हे जरा लवकर आवरता येईल का?” ताई, एवढा लहान मी कधीच झालो नव्हतो.

तेवढ्यात मागून मावशीचा आवाज. “जुवेनाल, एक ताटली आणि सुरी दे रे बाबा.” मला वाटलं भूक लागली असेल, दिली आणून. तिने काटा मागितला नाही तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आपल्याकडची बाई नुसती ताटली आणि सुरी मागते ती जेवायला नव्हे, हे मला, तिच्या सख्ख्या बहिणीच्या पोराला, कळू नये!

तिने सुरी ताटलीच्या काठावर घासायला सुरुवात केली. खर्र-खर्र, खर्र-खर्र. माझी खूण न होताच ढोल तिच्यामागे गेले. मग तिने ताटली खाली ठेवली, शेजारच्या टेबलावरचा जाळीचा टेबलक्लॉथ ओढून कमरेला गाठ मारली आणि उठली.

आता जे लिहितो ते तुला खोटं वाटेल. पाय कुठे हलत होते ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. तळवे फरशीला टेकलेले, टाचसुद्धा उठत नव्हती, आणि तरी ती पुढे येत होती, मागे जात होती, ओल्या मोरीत साबणाची वडी सरकावी तशी. कमरेखाली सगळं धावत होतं आणि चेहरा चर्चमध्ये बसल्यासारखा शांत. या धंद्यात माझे केस पिकले, पण मी असं काही पाहिलेलं नाही. हातातली कोळंबी तशीच धरून लोक उभे होते. बेरिंबाऊवाला तार छेडायची विसरला. मला तिच्यात माझी आई दिसली, आणि मी सगळ्यांदेखत रडलो, हे लपवत नाही. नाचून झाल्यावर ती थेट माझ्यासमोर आली आणि पोटाने पोटाला धक्का दिला. असा धक्का मिळाला की नाचायला रिंगणात उतरावंच लागतं. तेव्हा मी एका हाताने विजार धरून नाचलो. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

येताना गाडीत विचारलं, “मावशी, गुडघे दुखतात का गं?”

“दुखतात ना. खुर्चीत बसलं की.”

तेव्हा ताई, नीट विचार कर. डॉक्टरांनी पाय उचलायला मनाई केली होती, तिने एकदाही उचलला नाही. माझी शपथ कुठे मोडली? भावजींना नमस्कार, पोपटाला काही नाही.

तुझा,
जुवेनाल

ता. क. पुढच्या शनिवारी मावशीला परत पाठवायचं ठरलं होतं. पण त्या दिवशी नवरीच्या मावसबहिणीचं लग्न आहे आणि ‘त्या आजी असतील तरच या’ असं कळवलंय. तेव्हा तिला राहू दे.

पुन्हा ता. क. तिचा पांढरा जाळीचा घागरा लागेल. कसर लागली म्हणून टाकून दिला असं तू सांगितलंस, तोच. मावशी म्हणते, काकांना पुरून आल्या दिवशी तू तो तुझ्या कपाटात घोंगडीमागे ठेवलास, तिला तेव्हापासून माहीत आहे. रागावली नाहीये. म्हणाली, “बाप डोळ्यांदेखत कोसळला, आता मी कुठे पडेन म्हणून पोर घाबरते. म्हणून बसले बापडी खुर्चीत इतकी वर्षं.”

शेवटचा ता. क. घागरा पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. शनिवारी पोटाचा धक्का ती तुला देणार आहे, असं तिने मला आत्ताच बजावलंय. त्याला नाही म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.