बिनधुराचा राब

बाबा, यंदा आपल्या कडावच्या शेतात मी राब भाजला नाही. ऐकून तुमच्या भुवया वर गेल्या असतील, जाऊ देत. शेण, पालापाचोळा, वाळक्या टहाळ्या अंथरायच्या, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. त्याशिवाय भाताचं रोप धरत नाही, हे तुम्ही मला चालता यायला लागल्यापासून शिकवलंत. मी तुमची एकुलती एक, शेत माझ्याकडे आलं आणि इतकी वर्षं मीही मुकाट तसंच केलं. आता करणार नाही. तुम्ही असतात तर कडाक्याचं भांडण झालं असतं, पण मी मागे हटले नसते.

मला दमा आहे. हे कळलं चाळिशी उलटल्यावर. तोवर दर उन्हाळ्यात छाती वाजायची, पहाटे खोकून जीव नको व्हायचा, आणि मी खोकल्याच्या बाटल्या रिचवत होते, कारण धुरानं खोकला यायचाच, असं तुम्हीच सांगितलं होतंत. गेल्या वर्षी राब पेटवला आणि बांधावरच बसले. एक वाक्य धड बोलता येईना. काकांनी, तुमच्या धाकट्या भावानं, रिक्षात घालून कर्जतला नेलं. बरं वाटल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं आणि एका नळीत फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, अजून, सोडू नका!" अशा ओरडत होत्या की बाहेरचे पेशंट डोकावून बघायला लागले. मग पंपाचं औषध दिलं, थोडा वेळ बसवलं, परत फुंकायला लावलं. या खेपेला श्वास भरभरून बाहेर आला. औषधानं छातीतल्या नळ्या अशा मोकळ्या होतात, वर तुमची ही सगळी लक्षणं, म्हणजे दमाच, असं त्या म्हणाल्या. घरात आणखी कुणाला होता का? मी म्हटलं, बाबांना. त्यांना पंप दिला होता, त्यांनी घेतला नाही.

तो पंप मला अजून दिसतो, फडताळावर, खोक्यासकट. तुम्ही ओटीवर बसला आहात, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे पार कानांपर्यंत. छातीतून शिट्टी येते आहे. आई आल्याचा काढा घेऊन उभी आहे. "अवो, घ्या ना तो पंप," म्हणते. आणि तुम्ही तोडून तोडून म्हणता, "त्याची... सवय लागते. एकदा लागली... की सुटत नाय." वा रे वा! कमरेला तंबाखूची चंची होती बाबा! तिची सवय चालली, श्वासाची तेवढी नको होती? शेजारी बसून मी खोकले तर माझ्यावरच डाफरलात, "शेतकऱ्याची पोर ना गं तू? धुराला भ्यायचं नाय." तुम्ही गेलात तेव्हा गाव म्हणालं, तेवढंच आयुष्य लिहिलं होतं. कसलं लिहिलेलं! तुम्ही हट्टापायी गेलात, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

मी पंप घेते. रोजचा एक, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी, आणि नंतर चूळ भरते. दुसरा अचानक दम लागला तर, तो कनवटीला असतो. बाजारात, लग्नात, चारचौघांत काढून घेते. बायका बघतात. बघू देत की!

काका म्हणाले, "डॉक्टरनं धूर टाळायला सांगितलाय ना? मंग शेतच सोड. आमी करू." म्हणजे श्वास घ्यायचा तर बांधाबाहेर जाऊन घ्यायचा. मी म्हटलं, शेतही करीन आणि श्वासही घेईन. उंच गादीवाफे केले, कुजलेलं शेणखत घातलं, बी टाकलं. काका बांधावरून हसले, "गवत पिकवतेस काय गं?" आणि गवत आलं की हो, माजोरं गवत! तुमचं तेवढं खरं होतं, भाजलं की तणाचं बी जळतं. मी उकिडवी बसून हातानं उपटलं, कंबरेचा पार काटा ढिला झाला. पण रोप आलं. हिरवंगार, चांगलं दांडगं आलं. लावणीत काकांचं रोप कमी पडलं, तेव्हा ते बांधावर येऊन उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "चार जुड्या उरल्यात का गं?" मी दिल्या. मीही हसले, पण पाठ फिरवून.

हे पत्र कुठे टाकायचं, ठाऊक नाही. ठेवीन फडताळावर, तुमच्या पंपाच्या जागी. एवढं भांडले, तर एक गोष्ट सांगूनच टाकते. यंदाही उन्हाळ्यात चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या राबांचा धूर येत होता. धूर दिसला की खिडकी लावायची, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, आणि मी लावायचे. पण बाबा, त्या वासात तुम्ही असता. म्हणून जरा उशिरा लावायचे.