वहिनी, उठायचं नाही

६ एप्रिल
हितेंद्र म्हणतो, मी शुभ आहे! मी वेताच्या खुर्चीत बसले की फलंदाज टिकतात, उठले की विकेट जाते. काल मी गॅस बंद करायला उठले आणि तिकडे दांडी उडाली. "वहिनी, सांगितलं होतं ना, हलायचं नाय." पन्नाशीचा दीर, डोक्यावर मोजके केस, आणि रागवतो माझ्यावर. डाळ करपली, ती कुणाच्या पायगुणाने ते बोलला नाही.

८ एप्रिल
मॅच नाही. कुणी नाही. खिचडी केली, एकटीपुरती.

१० एप्रिल
हे गेले त्याला ऑगस्टमध्ये तीन वर्षं होतील. तेव्हापासून मजल्यावरच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं नसतं. वाण मागाहून डब्यातून येतं. राग नाही, सवय झाली. आणि आता यांचा धाकटा भाऊ नायगावहून लालबागला येतो आणि पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी ठेवतो – मला उठायला लागू नये म्हणून.

शेजारची नलू दारातून बघून म्हणाली, "तुझी तर पूजाच चाललीय ग." मी म्हटलं, मग नुसती बघतेस काय, नैवेद्य आण. खूप हसलो.

खोटं कशाला लिहू – मला आवडतं. संध्याकाळी दाराला कुणाचा तरी हात लागतो. मॅच असली की मी केस विंचरून बसते.

१२ एप्रिल
विचारलंच आज. पैसे लावतोस काय रे?

"थोडे, वहिनी. गंमत म्हणून. लिमिट ठेवलंय. जबाबदारीने खेळतो."

जबाबदारी! मी लग्न होऊन आले तेव्हा हा सात वर्षांचा. दळण आणायला पाठवला की डबा गिरणीत विसरून खिशात गोट्या भरून यायचा. हे ऐकवलं तर हसला, पण डोळे फोनवरच.

१५ एप्रिल
मुंबईचा गडी बाद झाला आणि हा टाळ्या वाजवायला लागला. मी विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूने? म्हणाला, "आज त्यांच्या."

हे असते तर टीव्ही बंद करून झोपले असते.

१९ एप्रिल
दर्शनाचा फोन. जाऊ माझी, पण सणावारी बोलण्यापुरती. आज बराच वेळ नुसती हं हं करत राहिली, मग एकदम बोलली. त्यांची चाळ पाडली तेव्हा बिल्डरने वर्षभराचं भाडं आगाऊ दिलं होतं. त्यातूनच नायगावची खोली भाड्याने घेतली. ते पैसे संपले. घरमालक म्हणतो, महिनाअखेर भाडं द्या नाहीतर खोली सोडा. अपेक्षाची बारावी नुकतीच झालेली, पोरीला घेऊन जायचं कुठे?

मी म्हटलं, संपले म्हणजे?

"क्रिकेटवर. पहिल्यांदा ॲपवर. ॲप बंद झालं तर कुणी माणूस गाठलाय, फोनवर पैज घेतो. तुम्हाला माहीत नव्हतं? ते तर म्हणतात, वहिनी बसली की पैसे येतात. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बसता."

मुद्दाम!

२० एप्रिल
दिवसभर पोथी उघडी, एक ओळ वाचली नाही. मी उठले तर तो यायचा बंद होईल. बसून राहिले तर खोली जाईल. यात विचार करण्यासारखं काय आहे? तरी करतेय. हे माझं मलाच आवडलं नाही.

२२ एप्रिल
मॅच ऐन रंगात आली आणि मी उठले. हितेंद्र म्हणाला, वहिनी, बसा. मी उभी. "वहिनी, पाया पडतो, बसा." मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. मला बाजूला करायचं त्याचं धाडस नाही, माझ्या हातचा मार खाल्लाय त्याने.

म्हटलं, भाड्याच्या पैशांचं सांग.

पहिल्यांदा म्हणाला, परत येणार आहेत, दोन मॅचची गोष्ट. मग म्हणाला, दर्शनाने उगाच मोठं केलं. मागे टीव्हीत लोक ओरडत होते, त्याने मान तिरकी करून स्कोर बघायचा प्रयत्न केला. त्याचं त्यालाच कळलं. मान खाली घातली. म्हणाला, "बघवत नाय आणि थांबवत पण नाय, वहिनी."

वाचनालयातल्या पेपरात मी वाचलं होतं – हा आजार असतो, त्यावर इलाज असतो. त्यात दिलेला फोन नंबर मी कालच उतरवून आणला होता. त्याच्यासमोर फिरवला. पलीकडची मुलगी गोड बोलली. दादरला एका शाळेच्या वर्गात दर शनिवारी अशा लोकांची बैठक असते म्हणाली. "तुम्ही चला," हितेंद्र म्हणाला. दळणाला जाताना म्हणायचा तसंच.

२५ एप्रिल, शनिवार
दादर. तो आत, मी आणि दर्शना बाहेर व्हरांड्यात, पोरांच्या बाकावर. एक बाई बोलायला आल्या. त्यांचाही नवरा आत. म्हणाल्या, त्याचं देणं तुम्ही फेडायचं नाही, हातात पैसे द्यायचे नाहीत, पगार बायकोच्या खात्यात. दर्शना मान हलवत होती. घरमालकाला काय सांगायचं, त्याला भाडं हप्त्याने घे म्हणून कसं विनवायचं, तेही त्यांनीच सुचवलं. मी विचारलं, आणि मी त्याला काय द्यायचं? बाई म्हणाल्या, चहा चालेल.

दर्शनाला मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही काय खुर्चीत बसून पैसे छापत होता?" आणि माझ्या गुडघ्यावर थापटलं.

३० एप्रिल
घरमालक मानला. अर्धं आता, अर्धं पुढच्या महिन्यात. मला कुणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण अपेक्षाने आठवणीने फोन केला.

२ मे
बैठकीवरून हितेंद्रचा फोन. "वहिनी, तिकडे एकाचं शुभ बनियन होतं, महिनाभर धुतलं नव्हतं. एक जण जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसूनच मॅच बघायचा. मी माझी शुभ वहिनी सांगितली तर सगळे हसले."

मी म्हटलं, बनियनपेक्षा बरी आहे मी, धुतलेली असते.

४ मे
मॅच आहे. तो आला नाही, येऊही नये. मी टीव्ही लावला नाही. पण सात वाजता केस विंचरले.

वाटलं – एकदा आला असता तर काय बिघडलं असतं? असं वाटलं म्हणून लिहिलं. आता झोपते.

६ मे
नलू सांगत होती, तुझा दीर संध्याकाळी तळमजल्यावर गुणाजीकडे मॅच बघत होता. जिन्यापाशी आला आणि वर चढलाच नाही. माझ्यापासून तोंड लपवतो आता.

त्याने लावले असतील याचं वाईट वाटलं. वर आला नाही याचं जास्त वाटलं. यांच्या फोटोकडे बघून म्हटलं, तुमचाच भाऊ, तुम्हीच सांभाळा.

७ मे
सकाळी फोन. "वहिनी, काल लावले. हरलो."

मी म्हटलं, मग मला कशाला सांगतोस, मी आता शुभ राहिले नाही.

"जिंकलेलं तुम्हाला सांगायचो. हरलेलं आजवर कुणालाच सांगितलं नाही."

दर्शनाला? म्हटलं. मी फोन कानालाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने पलीकडून त्याचा आवाज आला – "दर्शना, जरा इकडे ये."