शिंपीणकाकूंची केस

३ जानेवारी, सकाळी
रोजनिशी सुरू. मोठ्या मानसशास्त्रज्ञांच्या मागे कागदपत्रं सापडतात. माझी नीट सापडलेली बरी. तिसरं वर्ष संपत आलं. विभागाच्या भिंतीवर ‘मानसशास्त्रानंतर काय?’ असा तक्ता लागलाय. शाळेत समुपदेशक, कंपनीत एचआर, जाहिराती, खेळाडूंचं मनोबल. वाचूनच मळमळलं. लोकांचे रजेचे अर्ज चाळायला शिकलो का मी? एम.ए. क्लिनिकल म्हणजे क्लिनिकल. जागा बारा, प्रॅक्टिकलच्या गुणांवर देणार. म्हणजे इतरांसाठी अकराच उरल्या.

५ जानेवारी
प्रॅक्टिकल असं: एका माणसाचं अर्धा तास ऐकायचं, रेकॉर्ड करायचं, शब्द न् शब्द उतरवून अहवाल द्यायचा. मॅडमनी बजावलं, निदान करू नका, नुसतं ऐका. नुसतं ऐकायला भिंतीलाही कान असतात! वर्गातली ‘पाठांतर’ (तिला पुस्तक पान नंबरासकट पाठ) मान डोलावत होती. किळस आली.

११ जानेवारी
आईवर सराव. तिचा चिडखोरपणा दडपलेल्या बालपणातून आलाय, हे समजावून दिलं. तिने पलंगावरचा ओला टॉवेल उचलायला सांगितलं. प्रतिकार. पुस्तकात आहे.

१६ जानेवारी, संध्याकाळी
केस मिळाली! आमच्या इमारतीखाली दुकान असलेल्या शिंपीणकाकू. दुकान म्हणजे शिसारी: तेलकट मशीन, पायात चिंध्या, चहाच्या कपात टाचण्या. काकू म्हणाल्या, दोन महिने झाले, कडेचं दिसत नाही, शिलाई वाकडी जाते, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. घरी कळलं तर दुकान बंद करायला लावतील, म्हणून कुणापाशी बोलल्या नाहीत. मी विचारलं, सासू कशी आहे? म्हणाल्या, वारली. म्हटलं, तेच ते!

१७ जानेवारी
निदान झालं. डोळे ठणठणीत, मनाने संप केलाय. पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. सगळं जुळतं, ते रंगीत कडं सोडून. ते गाळलं. खाली जाऊन काकूंना ठणकावलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे अजिबात जायचं नाही, गेलात तर मन सोकावेल. म्हणाल्या, तू शिकलेला आहेस बाबा, तू म्हणशील तसं.
माणसं अशी चटकन बरी होतात.

२ फेब्रुवारी
पंधरा दिवस चालढकल झाली, पण ती चिंतनाची होती. आज रेकॉर्डिंग उतरवलं. शुद्ध हमाली. माझी बावीस मिनिटं, काकूंची आठ. त्यांनी तीनदा विचारलं, डोळे दाखवू का? तिन्ही वेळा मी शिताफीने सासूकडे वळवलं. पाठांतरला जमेल का हे?

९ फेब्रुवारी
काकू दुकानाच्या चौकटीवर आपटल्या. कपाळाला टेंगूळ. बाहेरच्या जगाशी संघर्ष, अगदी उघड. अहवालात एक परिच्छेद वाढवला. उद्यापासून मी रोज व्यायाम करणार.

१३ फेब्रुवारी, सकाळी
मॅडमनी अर्धा अहवाल वाचून खुर्ची मागे सारली. शाबासकीसाठी उभ्या राहिल्या असं वाटलं. विचारलं, ही बाई आत्ता कुठे आहे? म्हटलं, दुकानात. म्हणाल्या, गुणांचं सोड, ते मिळायचे नाहीत. आधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. आत्ताच्या आत्ता.
असूया. वयानुसार होते. पाठांतरकडे बघायचं टाळून निघालो.

दुपारी ४
काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही. उरली आहे ती थेंब घालून सांभाळायची. महिनाभर आधी आल्या असतात तर आणखी वाचली असती. मग डॉक्टरांनीच काकूंना विचारलं, इतके दिवस का थांबलात, कुणी अडवलं का? काकू म्हणाल्या, छे हो, कोण अडवणार, मीच कंटाळा केला.
मी शेजारच्याच खुर्चीवर होतो, त्यांची पिशवी मांडीवर घेऊन. स्वतःची किळस आली. तरी गप्प बसलो.