एका अक्षरातले सात फॉर्म

४ तारीख, मंगळवार

आईचा फोन. "जेवलीस का?" हो म्हटलं. कुठलं जेवण! वॉर्डातल्या सिस्टरनी हातात कोंबलेली दोन बिस्किटं. पण खरं सांगितलं तर ती पुढच्या गाडीने इथे हजर. आणि बाबा तर गल्लीभर सांगत फिरतात — आमची लेक मोठी डॉक्टर होतेय. होतेय खरी. तीन दिवसांत मिळून सात तास झोपलेय.

सकाळी एकोणीस नंबरच्या आजोबांना बजावलं, "नीट झोपत जा, डोक्याला त्रास करून घेऊ नका." दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान!

६, गुरुवार

वरून फर्मान आलंय. प्रत्येक निवासी डॉक्टरने 'मानसिक ताण' तपासणीचा फॉर्म भरायचा. वीस प्रश्न. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे अशा.

आमच्या युनिटमध्ये आम्ही सात. हेडमास्तरने (आमचा तिसऱ्या वर्षाचा सीनियर; त्याला हसताना अजून कुणी पाहिलेलं नाही) गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "सातही भर. सगळीकडे 'कधीच नाही'. दुपारपर्यंत दे."

"सर, प्रत्येकाने स्वतः भरायचाय..."

"ज्युनियर आहेस ना तू?"

आहे. आमच्यात सगळ्यांचे कागद सगळ्यात धाकट्याने भरायचे — रक्ताचे, एक्स-रेचे, घरी सोडायचे. मग ताणाचेही!

आधी सातांवर नावं टाकली. मग धडाधड टिकमार्क. झोप लागत नाही का — कधीच नाही. चिडचिड होते का — कधीच नाही. दहा मिनिटांत सहा जण ठणठणीत. इतक्या झटपट कुणाला बरं केलं नव्हतं!

माझा तळाशी ठेवला होता. तिथे हात अडला. ड्यूटी रूममध्ये कुणी नव्हतं. म्हटलं, कोण वाचतंय? खरं लिहिलं. वीसच्या वीस. सतरावा — 'सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं का?' — 'रोज'वर टिक केली.

बघत बसले त्या खुणेकडे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. इथेही कधी लिहिलं नाही. मग कारकून आला आणि गठ्ठा उचलून घेऊन गेला.

७, शुक्रवार

फोन येईल. आला तर म्हणायचं, चुकून झाली टिक. — नको. खरं आहे म्हणायचं.

१०, सोमवार

नाही आला.

११, मंगळवार

नऊ नंबरच्या बाईंना सलाईनची सुई टोचताना माझेच डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "टोचलं मला, आणि रडतेस तू?" दोघीही हसलो. मग रडायला म्हणून लिफ्टमध्ये शिरले, तर लिफ्टमन — "मॅडम, वर की खाली?" सातशे खाटांचं इस्पितळ, आणि रडायला एक कोपरा नाही.

फॉर्म कुणी वाचला असेल का? वाचून नुसता फाइलला लावला असेल, तर? ते न वाचण्यापेक्षा वाईट. इतकं एकटं मला या इमारतीत कधी वाटलं नव्हतं.

१३, गुरुवार

मानसोपचार विभागातून बोलावणं आलं — हेडमास्तरला! ऐन राउंडमध्ये, सगळ्यांदेखत. "तुमच्या फॉर्मबद्दल जरा बोलायचंय." त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

तळाचा तो माझाच, असं धरून चालले होते. नाव बघितलंच नव्हतं! म्हणजे कागदावर मी ठणठणीत, आणि माझं सगळं खरं त्याच्या नावावर.

आता हा मला कच्चं खाणार. ड्यूट्या, रजा, सगळं त्याच्याच हातात. दिवसभर तो परत आला नाही. दोनदा वाटलं, त्या विभागात जाऊन चूक सांगून टाकावी. पण चूक सांगायची म्हणजे सतरावा प्रश्नही माझाच म्हणायचा, त्यांच्या तोंडावर. जिन्यापर्यंत जाऊन परत फिरले. भित्री कुठली!

१४, शुक्रवार

हेडमास्तर ड्यूटी रूममध्ये आला. दार लावून घेतलं. डोळे सुजलेले. मी उभीच राहिले. ओरडला नाही.

"दोन तास बसलो तिथे," म्हणाला. "त्यांनी एकेक उत्तर वाचून दाखवलं. सतरावंसुद्धा. सगळं बरोबर लिहिलंयस. मी तर कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. तुला कसं कळलं माझं?"

मी सांगितलं — सर, ते माझं होतं.