रकाना क्रमांक नऊ : आईचे शिक्षण

प्रति,
मा. सहायक कुलसचिव (शिष्यवृत्ती विभाग),
सागरकिनारा विद्यापीठ,
बोरिवली (पश्चिम), मुंबई.

अर्जदार : सौ. अंजनाबाई रतन वैती, वय ४४, धंदा मासळी विक्री, चिटणीस, मासळी विक्रेत्या महिला मंडळ, राहणार चारकोप गाव, कांदिवली (पश्चिम).

विषय : चि. कृणाल रतन वैती यास गुणवत्ता शिष्यवृत्ती न मिळता ती शेजारच्या कु. रोशनी अनंत केणी हिला मिळाल्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १ जुलै २०२५ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार लग्न झाल्यापासून वरील पत्त्यावर राहते. गेली पंधरा वर्षे बर्फ, पाणी, दिवाबत्ती, तुंबलेली गटारे आणि मासळी बाजारातल्या ओट्यांवरचे गळके पत्रे अशा सर्व विषयांवरचे गावातले अर्ज तीच लिहीत आली आहे. अर्ज कसा असावा हे तिला ठाऊक असल्याने ती आपला वेळ फुकट घेणार नाही.

२. आपल्या विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांसाठी दर किनारी गावामागे एक गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. ती मिळाली तर तिन्ही वर्षे फी माफ होते. चारकोप गावातून यंदा दोनच मुलांनी फॉर्म भरले. अर्जदाराचा मुलगा कृणाल यास बारावीत सहाशेपैकी ५४८ गुण आहेत आणि शेजारच्या सुनंदा अनंत केणी हिच्या रोशनीला ५४५ आहेत. यातला मोठा आकडा कुठला, हे आमच्या बाजारातले शेंबडे पोरही सांगेल. तरी आपल्या फलकावर नाव रोशनीचे लागले. कृणालला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायचा आहे. तो विषय जवळपास आपल्याकडेच शिकवतात आणि आपली फी अर्जदाराच्या आवाक्यातली नाही.

३. यादी लागली त्या दिवशी सुनंदाने बाजारात पेढे वाटले. वाटायला हरकत नाही, परंतु पहिला पेढा तिने अर्जदाराच्या हातावर ठेवला आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाली, “घे गो अंजना, फॉर्म तू भरलास, मग मान तुझाच पहिला.” (फॉर्मबाबतचा खुलासा पुढे येईल.) अर्जदाराने तो पेढा खाल्ला. तो तिच्या घशाखाली कसा उतरला, हे सांगण्यासाठी सरकारी भाषेत शब्द नाही.

४. त्यानंतर नाक्यावर रोशनीच्या अभिनंदनाचा बॅनर लागला. त्यात रोशनीपेक्षा तिच्या आईचाच फोटो मोठा आहे आणि आईने ठेवणीतली नथ घातली आहे. बॅनर नेमका अशा जागी बांधला आहे की अर्जदार आपल्या ओट्यावर बसली की तो समोर दिसतो आणि मान वळवली तर प्रत्यक्ष सुनंदा दिसते, कारण तिचा ओटा शेजारीच आहे. शिष्यवृत्तीधारकांच्या आयांनी किती मोठा फोटो लावावा, याबाबत आपल्या कार्यालयाने नियम करावा.

५. रोशनीचे गणित मुळात कच्चे होते. डिसेंबरपासून रोज संध्याकाळी ती वही घेऊन अर्जदाराच्या ओटीवर येऊन बसे आणि कृणाल तिला शिकवी. अर्जदार त्या दोघांना चहा करून देत असे. तेव्हा रोशनीच्या ५४५ मधील गणिताचे गुण काही अंशी कृणालचे आणि थोडेफार अर्जदाराच्या चहाचे आहेत. ते किती, हे समितीने ठरवून तेवढे रोशनीच्या खात्यातून वजा करावेत.

६. परीक्षेच्या दिवसांत सुनंदाने रोशनीला रोज गाबोळी तळून घातली. गाबोळी म्हणजे माशाची अंडी, जी डोक्याला चांगली म्हणून आमच्याकडे लेकरांना राखून ठेवतात. त्यातली दोन दिवसांची गाबोळी अर्जदाराच्या टोपलीतल्या घोळ माशाची होती. एक बाई उठून गेली की शेजारणीने तिचाही माल विकायचा, असा आमच्या बाजाराचा रिवाज आहे. अर्जदार मंडळाच्या कामाला गेली असता सुनंदाने तिची घोळ विकली आणि अर्जदार परतल्यावर पोटातली गाबोळी ‘माझ्या रोशनीला नेते गो’ असे सांगून, म्हणजे विचारून, नेली. अर्जदाराने हो म्हटले हे खरे आहे. नाही म्हणायला काय झाले होते, हे तिचे तिलाच कळत नाही.

७. आणखी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. अर्जदाराची मासळी सुनंदाच्या हातून जास्त लवकर खपते. गिऱ्हाईक अर्जदाराकडे भाव विचारते आणि सुनंदाकडे घेते. दोघींचे माहेर गोराई, दोघी एकाच शाळेत एकाच बाकावर बसत आणि तिथेही मास्तर आधी तिचीच वही बघत. लग्न होऊन दोघी एकाच आळीत आल्या, तर पहिल्याच होळीला सासवांनी गाण्यासाठी पुढे केले ते तिला. तीस वर्षे अर्जदार हे बघत आली आहे. या शिष्यवृत्तीने तरी एकदा उलटे व्हावे अशी तिची इच्छा होती. सदर इच्छा गैर असल्यास तसे लेखी कळवावे.

८. आपण संदर्भीय पत्रात कळवले आहे की नियम ७ (ब) नुसार आईवडिलांपैकी कोणीच दहावी उत्तीर्ण नसेल तर विद्यार्थ्यास पाच वाढीव गुण मिळतात. ते रोशनीला मिळून तिचे ५५० झाले. कृणालला मिळाले नाहीत, कारण त्याच्या फॉर्ममध्ये रकाना क्रमांक नऊ, ‘आईचे शिक्षण’, येथे ‘दहावी उत्तीर्ण’ असे लिहिले आहे. हे पत्र अर्जदाराने ओट्यावर बसून चार वेळा वाचले. सुनंदाने काय आले म्हणून विचारले, तेव्हा पाण्याचे बिल आहे असे सांगितले.

९. आता खुलासा. दोन्ही फॉर्म अर्जदारानेच भरले. रोशनीचा फॉर्म भरताना रकाना नऊमध्ये अर्जदाराने ‘सातवी’ हा शब्द चांगला ठळक, दोनदा गिरवून लिहिला आणि तसे करताना तिला बरे वाटले. घरी येऊन कृणालच्या फॉर्ममध्ये त्याच रकान्यात तिने ‘दहावी उत्तीर्ण’ असे लिहिले. हे खोटे आहे. अर्जदारही सातवीच शिकली आहे. मोसमात करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, सोलायला हात कमी पडत म्हणून दोघींच्या आयांनी एकाच दिवशी दोघींची नावे शाळेतून काढली. दोघी एकाच वाटेने रडत घरी गेल्या होत्या.

१०. पंधरा वर्षांपूर्वी मंडळाची चिटणीस निवडायची होती, तेव्हा अर्जदाराने आपण दहावी असल्याचे सर्वांपुढे सांगितले. जुन्या अर्जांच्या प्रती उतरवून काढत ती लिहायला शिकली आणि पुढे कोणाला शंका आली नाही. घरी नवऱ्याला आणि मुलालाही तेच माहीत होते. खरे फक्त सुनंदाला ठाऊक होते आणि पंधरा वर्षांत भांडणातसुद्धा तिने ते तोंडातून काढले नाही. त्या गप्प बसण्याचाही अर्जदारास राग आहे, कारण एकदा बोलली असती तर हिशेब तरी मिटला असता. सबब रकाना नऊ दुरुस्त करून कृणालला पाच गुण द्यावेत, म्हणजे त्याचे ५५३ होतील, आणि फलकावरील नाव बदलावे, अशी विनंती आहे.

११. इथपर्यंतचा अर्ज सोमवारी लिहून झाला होता. पुरावा तेवढा जोडायचा राहिला होता. गोराईची ती शाळा केव्हाच बंद झाली आणि दाखला कुठे मिळतो ते कोणी सांगू शकले नाही. आपल्या खिडकीवरील बाईंनी सांगितले की सोबत शिकलेल्या व्यक्तीचे सहीचे पत्र चालेल. सोबत शिकलेली व्यक्ती एकच आहे. मंगळवारी दुपारी बाजार रिकामा होता. सध्या मासेमारी बंद असल्याने दोघी सुकटीचे वाटे लावून बसल्या होत्या. अर्जदाराने मान खाली घालून सगळे सांगितले. या पत्राने रोशनीची शिष्यवृत्ती जाईल, हेही सांगितले. ते लपवण्याचा विचार आधी मनात आला होता, परंतु सुनंदा अर्जदाराचे तोंड पाहून ओळखते.

१२. सुनंदाने हातातला सुकटीचा वाटा आधी लावून संपवला. मग म्हणाली, “एवढंच ना? आण कागद. तू सातवी हे खरंच हाय, खरं लिवायला मला काय झालं?” अर्जदार म्हणाली, “अगं, रोशनीचं काय?” त्यावर ती म्हणाली, “तिला तीन मार्क कमीच हायत ना कृणालपेक्षा. पोर रडेल दोन दिवस, मग बघू.” आणि तिने सुकटीचे हात पदराला पुसून, मांडीवर मासळीची पाटी उपडी घेऊन स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिले व सही केली.  अर्जदार ते पत्र घेऊन घरी आली आणि त्या दिवशी तिला जेवण गेले नाही.

१३. जेवण का गेले नाही, याचा अर्जदाराने प्रामाणिकपणे विचार केला. आनंद व्हायला हवा होता. परंतु खरे सांगायचे तर तिचा पुन्हा जळफळाट झाला. आवाज, गिऱ्हाईक, बॅनर हे सर्व एकवेळ सोसता आले. पण मोठे मनही तिचेच असावे, हे मात्र सहन होईना. तिच्या सहीवर कृणाल तीन वर्षे शिकेल आणि ती शेजारच्या ओट्यावर बसून त्याबद्दल कधी एक शब्द काढणार नाही, हे अर्जदारास पुरते माहीत आहे.

१४. बुधवारी कृणालला सर्व सांगितले. तो प्रथम म्हणाला, “आई, वाट लावलीस ना यार माझी,” आणि उठून गेला. ते ऐकून घेणे प्राप्तच होते. संध्याकाळी परत आला तेव्हा अर्जदाराने त्याला दोन्ही वाटा सांगितल्या. सुनंदाचे पत्र वापरले तर नाव त्याचे लागेल, नाही वापरले तर त्याने बोरिवलीच्या साध्या कॉलेजात जीवशास्त्र घ्यावे. तो रात्रभर विचार करतो म्हणाला. सकाळी त्याने कॉलेजचा फॉर्म आणला आणि आईसमोर ठेवून म्हणाला, “रकाना तू भर. पण खरं भर.” अर्जदार तिथेच रडली. मुलाला हवे ते शिक्षण आपल्या एका खोट्या शब्दापायी गेले, हे दुःख तिच्या जन्माला पुरेल आणि त्यावर कुठल्याही कार्यालयात अर्ज करता येत नाही.

१५. सबब अर्जदाराच्या आताच्या मागण्या खालीलप्रमाणे समजाव्यात. खाडाखोड केलेला कागद कार्यालये घेत नाहीत, म्हणून वरील मजकूर आणि विषय तसाच ठेवला आहे. तो वाचून सोडून द्यावा. रोशनीचे नाव फलकावर आहे तसेच राहावे. चूक अर्जदाराच्या लेखणीची आहे, तिची शिक्षा त्या मुलीला होऊ नये. कृणालला वाढीव गुण देऊ नयेत. मात्र रकाना नऊ दुरुस्त करून तेथे ‘सातवी’ असे लिहावे, म्हणजे आपल्या दप्तरात तरी खरे राहील. बॅनरबाबतची मागणी मागे घेतलेली नाही.

१६. शेवटची विनंती. या अर्जाची दुसरी प्रत सोबत आहे. तिच्यावर आपल्या कार्यालयाचा पोचशिक्का तारखेसह मारून ती अर्जदारास परत द्यावी. सुनंदाने आपला हक्क सोडला त्याचा कागद अर्जदाराकडे आहे. अर्जदारानेही सोडला, याचा कागद सुनंदाला दाखवायचा आहे. शिक्का कृपया ठळक उठेल असा मारावा.

आपली नम्र आणि खरोखर सातवी शिकलेली,

(सही)
सौ. अंजनाबाई रतन वैती
चारकोप गाव, गुरुवार, दि. १० जुलै २०२५

सोबत :
१) कृणालच्या बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत.
२) आपल्या दि. १ जुलैच्या पत्राची प्रत.
३) सौ. सुनंदा अनंत केणी हिचे पत्र, मूळ. रकाना दुरुस्त करण्यापुरतेच वापरावे आणि काम झाल्यावर अर्जदारास परत द्यावे. ते तिला जपून ठेवायचे आहे.